दुपारी एक ते पाच

तीन वेळा विंडोज टाकून झालं होतं. नवी एसएसडी बसवून झाली होती. तरी हळदीच्या व्हिडिओत मध्येच हिरवा पट्टा उमटायचा, आणि रेंडर निम्म्यावर आला की स्क्रीन निळी पडायची. स्टुडिओवाल्या काकांचा मुलगा ऑटोत मांडीवर कॅबिनेट घेऊन माझ्या दुकानात आला तेव्हा लग्नसराई भरात होती आणि तीन घरची माणसं व्हिडिओसाठी रोज फोन करत होती.

“ताई, मेमटेस्ट रातभर चालवली. चार पास झाले, एकही एरर नाही. म्हंजे रॅम तर चांगलीच हाय ना?”

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पाच दिवस लागले. अठरा वर्षं मी अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्त करते आहे. त्या पाच दिवसांत जे हाती लागलं ते डेस्कटॉपवर रोजीरोटी असलेल्या प्रत्येकाला सांगावं असं मला वाटतं. त्या मुलाने रॅमचा वेग हौसेने वाढवला होता. पण ज्यांनी हौस म्हणून काहीच केलेलं नाही, अशांच्याही मशीनमध्ये तेच काम थोड्या प्रमाणात आधीच करून दिलेलं असतं आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. ‘मेमरी फुल झाली’ असं आपण म्हणतो तेव्हा फोटो साठवायची जागा संपलेली असते. रॅम ती नव्हे. रॅम म्हणजे काम चालू असताना माहिती पसरून ठेवायचा ओटा. कॅमेऱ्याच्या कार्डातला व्हिडिओ डिस्कवर उतरवतानासुद्धा तो तुकड्या-तुकड्याने रॅममधूनच जातो. म्हणून रॅमने एक अंक चुकीचा सांगितला की डिस्कवर चुकीचाच अंक लिहिला जातो, आणि पुढे डिस्क तो इमानाने जपत बसते. दोष डिस्कवर येतो, व्हायरसवर येतो, विंडोजवर येतो. रॅमवर सगळ्यात शेवटी येतो.

ही रॅम मुळातच विसरभोळी आहे. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधलेल्या तिच्या रचनेला १९६८ साली पेटंट मिळालं. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढंच. कपॅसिटरमध्ये विजेचा भार असला तर १, नसला तर ०. पण हा भार टिकत नाही, झिरपून जातो. उन्हाळ्यात माठ पाझरतो तसा. म्हणून माठ रिकामा होण्याआधी पुन्हा भरावा लागतो. नेहमीच्या तापमानाला रॅममधला प्रत्येक बिट ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, वाचून पुन्हा भरला जातो. त्या मुलाच्या मशीनमध्ये १६ जीबी रॅम होती. १६ जीबी म्हणजे असे १३,७०० कोटींहून जास्त माठ. त्यातला एक जरी चुकीचा वाचला गेला तरी काहीतरी बिघडणार. हे सगळं बहुतेक वेळा बिनचूक चालतं, याचंच मला आजही नवल वाटतं.

गरम झाल्यावर हा भार जास्त वेगाने झिरपतो. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर दुप्पट वेळा भरावं, असं डीडीआर४ या पिढीच्या रॅमच्या मानकातच लिहिलेलं आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी मशीन सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, गेले. रॅमच्या स्टिकवर कंपनीचं लेबल होतं: ३२००, सीएल १६, १.३५ व्होल्ट. बायोसमध्ये आकडे होते ३६००, सीएल १६, १.४० व्होल्ट. मुलाने एक व्हिडिओ पाहून जानेवारीत हे केलं होतं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च काहीही झालं नाही.

या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. ३६०० म्हणजे रॅमच्या एका तारेवरून सेकंदाला ३६० कोटी बिट. एका बिटाच्या वाट्याला येतो एका नॅनोसेकंदाच्या पाव भागाहून किंचित जास्त वेळ. तेवढ्यात प्रकाशसुद्धा आठ सेंटिमीटरच्या आसपास जातो. सीएल म्हणजे प्रोसेसरने मागणी केल्यापासून रॅमने उत्तर द्यायला सुरुवात करेपर्यंत घड्याळाचे किती ठोके द्यायचे तो आकडा. ३२०० वेगाला सोळा ठोके म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. वेग ३६०० केला आणि ठोके सोळाच ठेवले तर ते होतात ८.९ नॅनोसेकंद. जी स्टिक १० नॅनोसेकंदांत उत्तर देईन असं सांगून विकली गेली, तिच्याकडून हा मुलगा ८.९ मध्ये उत्तर मागत होता. थंडीत ती ते देत होती. यात स्टिकला दोष देता येणार नाही.

आणि लेबलवरचे ३२००सुद्धा बिनशर्त नाहीत, ही गोष्ट लोकांना माहीतच नसते. डीडीआर४चा मानक व्होल्टेज आहे १.२. बाजारातल्या अशा बहुतेक स्टिक पहिल्यांदा मशीन सुरू केलं की २१३३, २४०० किंवा २६६६ वेगानेच उठतात. लेबलवरचा वेग मिळवायला बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ नावाची सोय चालू करावी लागते. इंटेलने ती २००७ मध्ये डीडीआर३साठी आणली. एएमडीने डीडीआर५साठी तशीच ‘एक्सपो’ आणली, २०२२ मध्ये. या सोयीत कंपनीने स्वतः तपासलेले आकडे भरलेले असतात, म्हणून ते बऱ्याचदा नीट चालतात. पण त्या स्टिक तुमच्या बोर्डावर, तुमच्या प्रोसेसरबरोबर, तुमच्या खोलीतल्या उन्हात कंपनीने तपासलेल्या नसतात. एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त पळवणंच आहे. दुकानदार मशीन जुळवून देताना ते चालू करून देतात, गिऱ्हाइकाला बरं वाटतं. बिलावर त्याची एक ओळ असावी, असं माझं मत आहे.

पहिले दोन दिवस माझ्याकडे ते मशीन अजिबात बिघडलं नाही. मी रेंडर लावला, तपासण्या चालवल्या, सगळं सुरळीत. दुरुस्तीच्या धंद्यात याहून वाईट काही नाही. गिऱ्हाईक म्हणतं बिघाड आहे, आणि आपल्या टेबलावर तो दिसत नाही. अशा वेळी ‘तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम असेल’ असं सांगून मशीन परत करणारे पुष्कळ आहेत.

मी विंडोजचा रिलायबिलिटी मॉनिटर उघडला. कोणत्या दिवशी किती वाजता काय कोसळलं याची नोंद तिथे असते, आणि ती पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. महिन्याभरातल्या तेरा लाल फुल्यांपैकी अकरा दुपारी एक ते पाचच्या मधल्या होत्या. निळ्या स्क्रीनचं कारण प्रत्येक वेळी वेगळं: एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट’, एकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. कारण सारखं बदलत असेल तर संशय रॅमवर घ्यावा. एखादा ड्रायव्हर खराब असला तर तो बहुधा एकाच ठिकाणी अडखळतो. रॅम खराब असली की त्या क्षणी त्या जागी जो असेल तो अडखळतो.

“एडिटिंगची खोली कुठे आहे तुमची?” मी विचारलं.

“वरती. टिनाखाली. कूलर खालच्या हॉलमध्ये हाय, शूटिंगसाठी.”

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन घेऊन मी त्या खोलीत गेले. बाहेर ४४ अंश होते. आतलं मोजलं नाही, पण टिनाखाली बसलेल्या माणसाला ते मोजावं लागत नाही. कॅबिनेटच्या पुढे काच, हवा आत यायला दोन बोटांची फट. ग्राफिक्स कार्ड रेंडरला लागलं की त्याची गरम हवा वर जाते आणि कार्डाच्या वरच, प्रोसेसरच्या शेजारी, रॅमच्या स्टिक उभ्या असतात. इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर स्टिकचा पत्रा ५८ अंश दाखवत होता. ८५ पासून हे लांबच आहे. पण ८५चा हिशेब मानकातल्या वेगाचा आहे. वेग वाढवून, ठोके कमी करून ज्या स्टिकची सगळी सवड आधीच काढून घेतलेली आहे, तिला पंधरा-वीस अंशांचा फरकही पुरतो.

आता त्या रात्रभरच्या मेमटेस्टचा उलगडा झाला. मेमटेस्ट८६+ हा चांगला प्रोग्रॅम आहे, मोफत आहे, पेन ड्राइव्हवरून विंडोजशिवाय चालतो, आणि माझी पहिली तपासणी आजही तीच असते. पण तो चालू असताना ग्राफिक्स कार्ड निवांत असतं. मुलाने तपासणी केली रात्री, खोली गार झाल्यावर, कार्डाला काही काम नसताना. त्या परिस्थितीत रॅम खरोखरच चांगली होती. तपासणीने खोटं सांगितलं नव्हतं. तिला प्रश्नच दुसऱ्या परिस्थितीतला विचारला गेला होता.

मी तिथेच दोन गोष्टी केल्या. पहिली कुणालाही घरी करता येईल. रॅमपेक्षा मोठी एक फाइल घेतली, ४० जीबीची, आणि तिचा हॅश काढला. हॅश म्हणजे पूर्ण फाइल वाचून काढलेला अंगठ्याचा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ नावाची आज्ञा हे काम करते, वेगळं काही टाकावं लागत नाही. एकाच फाइलीचा ठसा कितीही वेळा काढला तरी तोच यायला हवा. रेंडर चालू ठेवून मी तो चार वेळा काढला. तिसऱ्या वेळी वेगळा आला, चौथ्या वेळी पुन्हा पहिल्यासारखा. डिस्कवर फाइल बिघडलेली असती तर चुकीचा का होईना, ठसा दर वेळी एकच आला असता. फाइल मोठी घ्यायची ती यासाठी, की लहान फाइल विंडोज रॅममध्येच ठेवून घेतं आणि दुसऱ्यांदा डिस्कपर्यंत जातच नाही.

दुसरी गोष्ट, ग्राफिक्स कार्डाला पूर्ण कामाला लावून विंडोजमध्येच टेस्टमेम५ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला. बावीस मिनिटांनी पहिला एरर आला. मुलगा माझ्या मागे उभा होता. तो काही बोलला नाही, खालून पाण्याची बाटली घेऊन आला.

पुढचं काम चिकाटीचं. आधी बायोस मूळ सेटिंगवर आणला, वेग २६६६, आणि त्याच खोलीत, तसंच गरम करून, सहा तास तपासणी चालवली. एकही एरर नाही. म्हणजे स्टिक निकामी नव्हत्या. मूळ सेटिंगवरही एरर आले असते तर मात्र स्टिक बदलण्याला पर्याय नव्हता, आणि वॉरंटीत मागायलाही तोच पुरावा लागतो. मग ३६०० वर परत जाऊन एकेक स्टिक वेगळी तपासली. स्टिकला हात लावण्याआधी पॉवर केबल काढायची, बटण दाबून उरलेली वीज जिरवायची, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा आणि स्टिक कडेने धरायची. सोनेरी दात खोडरबराने घासायची पद्धत सगळीकडे आहे. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते, रबराचा चुरा सॉकेटमध्ये राहिला तर नवा बिघाड होतो. दोन स्टिकपैकी एकच एरर देत होती, आणि सॉकेट बदललं तरी तीच. एरर सॉकेटबरोबर राहिला असता तर बोर्ड किंवा प्रोसेसर तपासावा लागला असता. रॅम चालवणारा कंट्रोलर प्रोसेसरच्याच पोटात असतो, आणि या मुलाच्या रायझन ५ ३६०० ला एएमडीचा अधिकृत आकडाही ३२०० पर्यंतचाच आहे.

मुलगा म्हणाला, “ताई, व्होल्टेज १.४५ करून पाहू का? लोक करून राह्यले.”

मी नाही म्हटलं. व्होल्टेज वाढवला की स्टिक आणखी तापते, आणि आपला बिघाड उन्हाचा होता. शिवाय आज वीस मिनिटांनी येणारा एरर आठवड्याने येऊ लागला, तर ती दुरुस्ती नव्हे. उलट तो सापडायचा बंद होतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते. स्क्रीन निळी पडते तेव्हा मशीन निदान ओरडून सांगतं. रॅमच्या बऱ्याच चुका काहीच सांगत नाहीत. २००३ साली बेल्जियममध्ये ब्रसेल्समधल्या स्कारबेक इथे यंत्रांवर मतदान झालं आणि एका उमेदवाराला शक्य होतं त्याहून जास्त मतं मिळालेली दिसली. फेरमोजणीत जादा मतं निघाली बरोबर ४०९६. हा आकडा दोनचा बारावा घात आहे. म्हणजे एकच बिट शून्याचा एक झाला होता. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही, आणि रॅममधला बिट आपोआप उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. आकडा अशक्य होता म्हणून ते लक्षात आलं. एखादा लहान बिट उलटला असता तर कुणाला कळलं असतं?

२००९ मध्ये गूगलच्या आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरांमधल्या रॅमचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये किमान एक चूक आढळली होती. तापमानाचा परिणाम मात्र त्यांना अपेक्षेपेक्षा कमी दिसला. माझा अनुभव याच्या उलट आहे असं कुणी म्हणेल, पण मला त्यात विरोध दिसत नाही. तिथली रॅम कुणी ओढूनताणून पळवत नव्हतं, आणि टिनाखालीही ठेवत नव्हतं.

त्या सर्व्हरांमध्ये ईसीसी रॅम असते, म्हणून तर चुका मोजता आल्या. दर ६४ बिटांमागे ती ८ बिट जादा ठेवते आणि त्यांच्या आधारे एका बिटाची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करते. या युक्तीचं मूळ बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० सालच्या कामात आहे. पंचाहत्तर वर्षं झाली, तरी घरगुती डेस्कटॉपमध्ये ही रॅम क्वचित दिसते. डीडीआर५ चिपच्या आत थोडी दुरुस्ती होते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यावर झालेली चूक तिला कळत नाही. लोकांच्या लग्नांचा, हिशेबांचा, एक्स-रेचा डेटा ज्या मशीनवर असतो त्यात ईसीसी रॅम असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी आम्ही ३२०० ची एक्सएमपी लावली, पुढची काच काढून जाळी बसवली, दोन पंखे आत हवा घेणारे लावले, आणि त्याच खोलीत दोन दुपारी मिळून बारा तास तपासणी चालवली. एरर शून्य. मग तोच जुना चाळीस मिनिटांचा रेंडर लावून पाहिला. ३६०० आणि ३२०० मध्ये एका मिनिटाचाही फरक आला नाही. विंडोज चौथ्यांदा टाकलं, ते रॅमची खात्री झाल्यावर. आधीच्या तिन्ही वेळा खराब रॅममधूनच विंडोजच्या फाइली डिस्कवर गेल्या होत्या, म्हणजे नवं विंडोजही पहिल्या दिवसापासून कुठे कुठे बिघडलेलं असू शकत होतं.

मशीन सुधारलं, पण एका लग्नाच्या सात क्लिप सुधारल्या नाहीत. त्या मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी कार्डावरून डिस्कवर उतरवल्या होत्या. उतरवताना काहीही तक्रार आली नाही, ‘कॉपी पूर्ण’ असंच दिसलं. दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न होतं म्हणून कार्ड पुसून टाकलं. मंगलाष्टकांची तिसरी क्लिप अकराव्या सेकंदाला थांबते. त्यातला आवाज मी काढून दिला, चित्र निघालं नाही. काकांनी त्या घरी स्वतः जाऊन हे सांगितलं आणि व्हिडिओचे पैसे परत केले.

त्या कॅबिनेटच्या आत मी एक स्टिकर लावला आहे: रॅमचा वेग, व्होल्टेज, तपासणीची तारीख आणि त्या दिवशीची दुपार. आता माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक मशीनमध्ये तो असतो. तुमच्या मशीनमध्ये तो नसेल, तर बायोस उघडून रॅमचा वेग आणि व्होल्टेज एकदा लिहून ठेवा. आणि स्टुडिओ चालवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: कार्ड पुसण्याआधी कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या फाइलींचे हॅश जुळवून पाहा. चाळीस-पन्नास क्लिपांना चहा पिण्याएवढा वेळ लागतो.